वडिलांची आरएक्स पुन्हा उभी करायचीय? पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा

रीलमध्ये सगळं साठ सेकंदांत होतं. गोठ्याच्या कोपऱ्यातून, शेणकूट आणि पोत्यांखालून एक गंजकी मोटारसायकल बाहेर येते. नट सुटतात, टाकी घासली जाते, रंगाचा फवारा बसतो आणि शेवटच्या दहा सेकंदांत एका किकमध्ये तो ओळखीचा आवाज. खाली हजारो कमेंट्स, 'भावा, आमच्याकडं पण पप्पांची अशीच पडून आहे.'

ही पडून असलेली गाडी बहुतेक वेळा ठरावीक नावांपैकी एक असते. यामाहा आरएक्स १००, राजदूत, येझदी, बुलेट, नाहीतर कावासाकी बजाजची केबी १००. यातली आरएक्स १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हैसूरची आयडियल जावा कंपनीही १९९६ मध्येच बंद पडली. म्हणजे यातली सगळ्यात 'तरुण' आरएक्स किंवा येझदी धरली तरी तिचं वय आज तीस वर्षांच्या आसपास आहे. आणि इथंच रीलमध्ये न दिसणारी गोष्ट सुरू होते. गाडी लोखंडात जिवंत होते, पण सरकारी कागदावर ती कधीच मेलेली असू शकते.

पासिंग संपलेली गाडी

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून ती पुढं वाढवायची. गावाकडं याला सरळ 'पासिंग' म्हणतात. आता १९९४ ची आरएक्स असेल तर तिचं पहिलं पासिंग २००९ ला संपलं. तेव्हा ती आधीच कोपऱ्यात गेलेली असेल, तर त्यानंतरची सगळी वर्षं ती नोंदणीशिवायच उभी आहे.

एप्रिल २०२२ पासून केंद्राने जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये केली. उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये वेगळे, म्हणजे एका वर्षाच्या उशिराला ३,६००. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी आली. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी ही फी २,००० रुपये झाली, कारसाठी १०,०००. परदेशातून आणलेल्या दुचाकीला तर २०,०००. वर जीएसटी. महाराष्ट्रात पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला २०१० पासून पर्यावरण कर आहे, तो लागू झाला तेव्हा दुचाकीचा पाच वर्षांचा दर २,००० रुपये ठरला होता.

सोशल मीडियावर आरडाओरडा या फीवर होतो. पण हिशेब मांडला तर पाच वर्षांसाठी काही हजार रुपये ही रक्कम एका बऱ्या पेंटिंगपेक्षा आणि निकेल पॉलिशपेक्षा फार मोठी नाही. जो माणूस ओरिजिनल सायलेन्सरसाठी चार शहरं पालथी घालतो, तो या फीमुळे थांबत नाही. थांबतो तो दुसऱ्या दोन ठिकाणी. गाडी कुणाच्या नावावर आहे, आणि ती सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये आहे का.

मालक हयात नाही, आणि गाडी ऑनलाइन नाही

वडिलांची गाडी मुलगा उभी करतो, यातली भावनेची बाजू सगळ्यांना कळते. कायद्याची बाजू अशी आहे की मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते. तेराव्याच्या धावपळीत कोपऱ्यातली बंद मोटारसायकल कुणाला आठवणार? जमिनीचा फेरफार होतो, बँकेचं खातं होतं, गाडी तशीच राहते. वीस वर्षांनी नातू तिला पुसायला घेतो तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि पुण्या-मुंबईत असलेल्या काका-आत्यांची संमती गोळा करायची वेळ येते. पोत्याखाली गंजत होती तोवर कुणी विचारत नव्हतं, पण चकाचक आरएक्सचे भाव लाखाच्या पुढं सांगितले जातात म्हटल्यावर 'ती बाबांनी मला दिली होती' असं म्हणणारे दोन-तीन जण निघतात. म्हणून संमती रंग लावायच्या आधी घेतलेली बरी.

दुसरी अडचण नंबरची. 'एमएच' ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर रुळली. त्याआधीच्या गाड्यांना 'एम' किंवा 'बी' ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असायचे आणि त्यांची नोंद आरटीओच्या जाडजूड रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेली असायची. पुढं सगळा कारभार 'वाहन' पोर्टलवर गेला, पण प्रत्येक पान गेलंच असं नाही. ज्या गाड्यांचं मधल्या काळात एकही काम आरटीओत निघालं नाही, त्या मागंच राहिल्या.

हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं ते नव्या नंबर प्लेटमुळे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी सक्तीची झाली, दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी. पहिली मुदत होती ३१ मार्च २०२५. ती वर्षभर पुढं-पुढं जात राहिली. प्लेट बुक करताना नंबर आणि चेसी नंबर टाकायचा, आणि समोर येतं की अशी गाडीच नोंदीत नाही. मग मूळ आरसी बुक घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदली तिथं जायचं, रजिस्टरमधलं पान शोधायला सांगायचं आणि 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यायची. आरसी बुकच नसेल तर हरवल्याची पोलीस तक्रार, डुप्लिकेटचा अर्ज आणि मग हेच सगळं.

गाडी बाहेरून विकत घेणाऱ्यांनी तर हे सौद्याआधीच तपासायला हवं. भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळालेल्या सांगाड्याची नोंदणी आधीच्या मालकाने रद्द केलेली असेल, तर त्यावर कितीही पैसा ओता, ती रस्त्यावरची गाडी होत नाही. ती शोकेसची वस्तू राहते.

पन्नाशीची झाली तर वारसा, तिशीची असेल तर?

जुन्या गाड्यांबद्दल सरकारची दोन वेगळी मतं आहेत आणि ती वयावर ठरतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा कार असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका मिळते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. बदल्यात गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठी उलथापालथ केलेली नसावी अशीही अट आहे.

त्याच २०२१ मध्ये स्क्रॅपेज धोरणही आलं. जुनी, अनफिट गाडी भंगारात काढा आणि नवी घेताना सवलत घ्या, असा त्याचा रोख.

आता आरएक्स कुठं बसते ते बघा. १९८५ ची पहिली आरएक्स व्हिंटेज व्हायला २०३५ उजाडेल, १९९६ ची शेवटची २०४६ ला. साठच्या दशकातल्या जावा आणि १९७३ नंतरच्या अगदी सुरुवातीच्या येझदी ही रेषा ओलांडून गेल्यात. पण लोकांना जी गाडी उभी करायचीय, ती बहुतेक करून ऐंशी-नव्वदच्या दशकातली आहे. म्हणजे ज्या गाडीसाठी नियम आहे ती लोकांकडं नाही, आणि जी लोकांकडं आहे तिच्यासाठी स्क्रॅप किंवा वाढीव फी एवढेच दोन दरवाजे.

दिल्लीत हा प्रश्न फारच तापला. तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पेट्रोल द्यायचंच नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते मागं घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने कारवाई थांबवली, पण डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरतं मर्यादित केलं. आरएक्स तर बीएस हा शब्द येण्याआधीची. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही, पण दिल्लीकडून स्वस्तात आलेली जुनी गाडी घेताना तिची नोंदणी तिकडं जिवंत आहे का आणि एनओसी मिळते का, हे बघितल्याशिवाय पैसे देण्यात अर्थ नाही.

धुराचा मुद्दा खोटा नाही

जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतात की वय बघू नका, गाडीची तब्येत बघा. महिन्यातून दोनदा निघणारी, नीट ठेवलेली राजदूत रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरपेक्षा जास्त हवा खराब करते का? हा युक्तिवाद वजनदार आहे. वय हे मोजायला सोपं माप आहे, म्हणून ते वापरलं जातं.

पण याची दुसरी बाजू शौकीन सहसा सांगत नाहीत. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतानाच एक्झॉस्टचं तोंडही उघडं असतं. त्यातला काही भाग न जळताच बाहेर पडतो, सोबत ऑइलही. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला पीयूसीत हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम आहे. बीएस-६ दुचाकीला ५००. म्हणजे पीयूसी पास झालेली आरएक्ससुद्धा नव्या गाडीच्या मर्यादेच्या अठरापट सोडत असू शकते. कमी चालवणं हाच तिच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, आणि म्हणूनच तिशी-चाळिशीतल्या गाड्यांसाठी 'वर्षाला इतकेच किलोमीटर' अशी एखादी मधली नोंदणी का असू नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. व्हिंटेजला वापराची अट घालता येते तर यांनाही घालता येईल.

मूळ ठेवायची की 'जास्त पळणारी' करायची

आरएक्स खोलली की गॅरेजवाला हमखास विचारतो, 'एकशे पस्तीसचा ब्लॉक टाकू का? पळंल.' मोह होतो. पण आरसीवर ९८ सीसी लिहिलंय. कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलं. मालकानेच बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलता येतो, पण आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

ब्लॉक घासला असेल तर तोच बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणं हा जुना आणि सरळ रस्ता आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरपासून तालुक्याच्या लेथवाल्यापर्यंत हे काम करणारे हात अजून आहेत. पार्टसाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या.

काही चुका मात्र पैशाने भरून निघत नाहीत. वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारणं ही त्यातली एक. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने इंजिन फिरवायचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची ऑइल सील वाळलेली असतात. ती न बदलता गाडी चालू केली तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि नवाकोरा पिस्टन जाम होतो. दुसरी चूक सँडब्लास्टिंगवाल्याकडं फ्रेम देताना होते. चेसी नंबरावर पट्टी न लावता ब्लास्टिंग केलं, किंवा वर पावडर कोटिंगचा जाड थर चढवला, तर नंबर वाचता येत नाही. आरटीओच्या इन्स्पेक्टरला नंबराचा ठसा घ्यायचा असतो. पुसट नंबर म्हणजे खाडाखोडीचा संशय, आणि मग आपलीच गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसायचं.

टाकीत काय पडतंय

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींचं मायलेज यामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाचं म्हणणं की काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, काम स्वस्तातलं आहे. रोज चालणाऱ्या गाडीला ते लागू पडतं. उभ्या राहणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतं, आणि लोखंडी टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. नव्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणून हल्ली जाणते मिस्त्री इथेनॉल सोसणारे पाइप आणि सील टाकतात, मेन जेट एक नंबर वाढवून बघतात, आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवायला सांगतात.

एवढं सगळं झालं, इंजिन बोलायला लागलं, की गावातून एक चक्कर मारायची इच्छा होणारच. पण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथंच अडकतो. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानुसार शंभर सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे, तो आधी काढावा लागतो, सोबत पीयूसी. मग गाडी आरटीओत न्यायची. छोट्या हत्तीच्या हौद्यात, दोरीने बांधून.