पन्नाशीतला धंदा आणि मनाची उभारी



या पानावर आपण नेहमी पिकावरच्या किडीविषयी बोलतो. आज जरा निराळा विषय घेतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेतीला जोडून एखादा छोटा धंदा असतो. कोणाची पिठाची चक्की, कोणाचे किराणा दुकान, कोणाचे वेल्डिंग, कोणा भगिनीचे शिलाई मशीन. पंचविशीत उमेदीने सुरू केलेला हा धंदा पन्नाशीत नकोसा का वाटू लागतो, आणि त्यावर उपाय काय, ते पाहू.

मालेगाव तालुक्यातल्या एका गावी माझे जाणे-येणे आहे. तिथल्या एका भाऊंची चक्की आहे. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, त्याच्या पुढल्या सालची ही चक्की. पुढे त्यांनी तिला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल जोडली. गेल्या पावसाळ्यात गेलो, तर भर दुपारी शटर अर्धे खाली आणि भाऊ बाजेवर पडलेले.

म्हणाले, "साहेब, मशीन इकून टाकतो आता. मनच लागत नाही. पोरगं पुन्याले नोकरीवर गेलं. म्या कोनासाठी रगडू? अन् उरते तरी काय?"

मी उपदेश केला नाही. इतकेच विचारले, "भाऊ, वही आहे का?" वहिनींनी आतून तीन वह्या आणून दिल्या. आम्ही तिघे दिवेलागणीपर्यंत बसलो. वीज बिल, तेल, दुरुस्ती, मजुरी हे सारे एका बाजूला मांडले. दळण आणि भरडाई दुसऱ्या बाजूला. निघाले असे, की धंदा तोट्यात नव्हताच. पण चक्कीच्या गल्ल्यातून बियाणे आले होते, पाहुण्यांचा आहेर झाला होता आणि दवाखानाही झाला होता. घरखर्च धंद्याच्या नावावर पडत होता, आणि माणूस समजत होता की आपण बुडालो.

वहीत दुसरीही गोष्ट दिसली. शेजारच्या दोन गावांची तूर येणे बंद झाली होती. का, ते वहिनींनीच सांगितले, "ते आले तवा शटर बंद होतं." भाऊ काही बोलले नाहीत. मन लागत नाही म्हणून शटर बंद, शटर बंद म्हणून गिऱ्हाईक तुटले, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मन आणखी खचले, असे हे रहाटगाडगे होते.

मंडळी, नोकरदाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, कामात चुकला तर साहेब बोलतो, बरे केले तर शाबासकीही देतो. आपल्या धंद्यात सांगणारे कोणी नाही आणि शाबासकी देणारेही कोणी नाही. तरुणपणी कर्ज फेडायचे असते, मुले शिकवायची असतात. तो रेटा माणसाला ओढून नेतो. पन्नाशीत तो रेटा ओसरतो आणि कंबर, डोळे, गुडघे कुरकुर करू लागतात. यात आळशीपणा नाही, दैवाचा कोपही नाही. पण इलाज करावा लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६९ चा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत. पहिले मोजके नांगर खपायला दोनेक वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी पुन्हा मांडामांड केली, तीच किर्लोस्करवाडी. तेव्हा ते चाळिशीला पोचले होते. आपण सगळे काही किर्लोस्कर होणार नाही. पण उतारवयाकडे झुकताना नव्याने मांडता येते, एवढे यातून घ्यावे.

आता करायचे काय, ते सांगतो.

पहिले, दोन डबे करा. एक घराचा, एक धंद्याचा. दर आठवडी बाजाराच्या दिवशी धंद्याच्या डब्यातून ठरलेली रक्कम स्वत:ची मजुरी म्हणून घरच्या डब्यात टाका. वर हात लावू नका. आपल्याही कष्टाला दाम आहे हे डोळ्यांना दिसले की मन धीर धरते.

दुसरे, शटर उघडायची वेळ ठरवा आणि दारावर लिहून लावा. उमेद येईल मग काम करू, असे म्हणू नये. नांगराला जुंपलेला बैल पहिल्या तासाला अंग चोरतो, तिसऱ्या तासाला चालीला लागतो. माणसाचेही तसेच आहे. मात्र आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा ठेवा, तोही लिहून लावा.

तिसरे, कामाचे बारमाही वेळापत्रक करा. डाळ मिल एकट्या तुरीवर धरली तर फेब्रुवारी ते मे चालते आणि पुढे रिकामे बसणे मनाला खाते. तूर-हरभरा उन्हाळ्यात, मे महिन्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची चाळणी, दिवाळीनंतर मूग-उडीद, आणि दळण तर बारा महिने. बियाणे चाळून देताना उगवण पाहून द्या. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळा, आठवड्याने मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरणीस योग्य. गिऱ्हाईक अशी सेवा विसरत नाही.

चौथे, हुन्नर वाढवा. तूर नीट प्रतवारी करून, तेल-पाण्याची प्रक्रिया देऊन, चांगली वाळवून भरडली तर क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ पडते. घाई केली की चुरी वाढते. आपल्या मशीनवर किती पडते ते लिहा आणि पुढल्या घाण्याला एक किलो वाढवायचा प्रयत्न करा. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा. चार समव्यवसायी भेटले की आपले रडगाणे एकट्याचे नाही हेही कळते.

पाचवे, अनुदानाच्या मोहाने कर्ज काढू नका. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवले. ज्याच्याकडे गिऱ्हाईक आहे आणि मशीन अपुरे पडते, त्याने तालुका कृषी कार्यालयात चौकशी जरूर करावी. मन लागत नाही म्हणून नवे मशीन घेणे हा मात्र उपाय नव्हे.

सहावे, शरीराकडे पाहा. साखर, रक्तदाब, डोळे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, असे झाले तर ते मनात दाबू नका. घरात बोला, डॉक्टरांशी बोला. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक याचसाठी आहे, पैसे पडत नाहीत. बहिणींनो, घरचा माणूस गप्प गप्प झाला तर तुम्ही पुढे व्हा.

आणि मुदत ठरवा. आम्ही त्या दिवशी ठरवले, की गुढीपाडव्यापर्यंत नेमाने चालवायचे, वही वहिनींनी लिहायची, मग निर्णय घ्यायचा. हिशेबानेच नाही म्हटले तर धंदा बंद करण्यात लाज नाही. पण खचलेल्या मनाने केलेला सौदा पुढे पस्तावा देतो.

पाडव्यानंतर मी गेलो. मुलगा पुण्यातच आहे, भाऊंची कंबरही दुखतेच. पण चक्की विकलेली नाही. दोन गावांपैकी एका गावची तूर परत आली आहे. वहिनींनी वही पुढे केली आणि भाऊ म्हणाले, "साहेब, औंदा तरी नाही इकत."

तुम्हीही आज संध्याकाळी आपली वही काढा. नसेल तर उद्या बाजारातून आणा.