आतड्यातील जंतू आणि आतड्याचा दाह : पावडरच्या डब्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका

"डॉक्टर, माझ्या पोटातले चांगले जंतू कमी झालेत म्हणे. ते वाढवायची पावडर सुरू केली तर या गोळ्या बंद करता येतील का?" अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांचे रुग्ण हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. यातले पहिले वाक्य बरेचसे खरे आहे. दुसरे मात्र धोक्याचे आहे.

हे दोन्ही आजार मिळून 'आयबीडी', म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त आणि आव, पोटात मुरडा, वजन घटणे ही त्याची लक्षणे.

जंतूंचा यात संबंध काय?

आपल्या मोठ्या आतड्यात जंतूंची दाट वस्ती असते. आपल्याला न पचलेला चोथा हे जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य खाद्य आहे, शिवाय त्यामुळे प्रतिकारशक्तीही आटोक्यात राहते. आयबीडीच्या रुग्णांमध्ये जंतूंचे वैविध्य घटलेले आढळते. ब्युटिरेट बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जंतू क्रोन्सच्या अनेक रुग्णांत कमी झालेला दिसतो.

ज्या उंदरांमध्ये या दाहाची आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यांना पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर बहुधा दाह होत नाही. जंतू सोडले की होतो. म्हणजे जंतूंचा सहभाग नक्की आहे. पण दाहामुळेही जंतूंची वस्ती बदलते, त्यामुळे आधी बी की आधी झाड, असा हा प्रश्न आहे. टायफॉइडसारखा एकच जंतू इथे गुन्हेगार नाही. आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, आहार आणि जंतू या सगळ्यांचे गणित बिघडते, तेव्हा हा आजार होतो.

मग पावडर घ्यावी का?

माझे मत स्पष्ट आहे : औषधाच्या जागी नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगितले की या दोन्ही आजारांत प्रोबायोटिक संशोधनापुरतेच वापरावे. मेसालामाइनसारखी औषधे बरे वाटल्यावर मनाने थांबवली, तर आजार उसळतो आणि मग स्टिरॉइड किंवा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराचा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या काही रुग्णांना चाचण्यांमध्ये फायदा झाला आहे, पण तो अजून नेहमीचा उपचार नाही. घरी तर अजिबात करू नये.

आपल्या ताटाचे काय?

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास केला. त्यात आपल्याकडे प्रिव्होटेला या जंतूंचे प्रमाण जास्त दिसले. धान्य-कडधान्यांच्या, चोथायुक्त आहाराशी या जंतूचा संबंध जोडला जातो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाज्या, भात यांची गावरान बियाणी जपली. ते काम शेतीसाठी आहेच. पण ताटात जितकी विविधता, तितके वेगवेगळे खाद्य जंतूंना मिळते, हेही त्यातून घेण्यासारखे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, पालेभाजी आणि ताक हे आपले जुने जेवण बिस्किटे, फरसाण आणि थंड पेयांच्या पाकिटांपुढे मागे पडू नये, असे मला वाटते.

मात्र एक सावधगिरी. ज्यांचा आजार उसळला आहे किंवा क्रोन्समुळे ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, त्यांनी भाकरी, कडधान्ये, कच्च्या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. अशा वेळी जास्त चोथ्याने आतडे तुंबू शकते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

साध्या सर्दीला आणि जुलाबाला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने आतड्यातील उपयोगी जंतूही मरतात आणि लहानपणी वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्यांत आयबीडीचे प्रमाण जास्त आढळले आहे.

शौचातून रक्त जाते म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत बसू नका. वेळेवर कोलोनोस्कोपी करून घ्या.

आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षय असताना स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. म्हणून तुकडा तपासून निदान पक्के होऊ द्या, त्यात घाई करायला लावू नका.

जंतूंवरचे संशोधन पुढे जाईल, उद्या त्यातून चांगली औषधेही येतील. तोपर्यंत पावडरच्या डब्यावर खर्च होणारे पैसे नियमित औषध, तपासण्या आणि ताज्या जेवणावर खर्च करा. गोळी कमी करायची असेल, तर तो निर्णय आपल्या डॉक्टरांसमोर बसून घ्या.