ठोके मोजू नका, काम मोजा

शाळेसाठी जुना संगणक घ्यायचा झाला की पहिला प्रश्न येतो, ‘किती गिगाहर्ट्‌झचा?’ माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात, एवढेच त्यावरून कळते. एका ठोक्यात काम किती उरकते, ते कळत नाही. नातू चार पावले टाकतो तेवढ्यात आजोबा दोन टाकतात, तरी दोघे बरोबरच चालतात ना!

इंटेल कंपनीचेच दोन प्रोसेसर पाहा. डेस्कटॉपचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ (२००२) आणि लॅपटॉपचा १.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम एम (२००३). ठोके दीडपट असूनही पुष्कळ कामांत पहिला दुसऱ्याच्या फारसा पुढे जात नसे. उष्णता मात्र पहिल्याची सुमारे ६० वॅट, दुसऱ्याची २५! पेंटियम ४ मध्ये प्रत्येक सूचना वीस टप्प्यांच्या लांबलचक रांगेतून जाई. पुढची सूचना कोणती, हा अंदाज चुकला की रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागे. पेंटियम एमची रांग आखूड, अंदाज अधिक अचूक. २००६ साली खुद्द इंटेलने डेस्कटॉपसाठीही याच घराण्यातला कोअर २ आणला, हे बोलके आहे.

तेव्हा शिक्षकांनी खरेदीपूर्वी दोन्ही यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालवावा आणि विद्यार्थ्यांच्या हाती स्टॉपवॉच द्यावे.