चार माणसांचा एचआर

ऑफिसात तुमच्या टीममधला एक जण सोमवारी आलाच नाही, तर काय होतं? फारसं काही नाही. मीटिंग पुढे ढकलली जाते, दोन मेल्स फॉरवर्ड होतात आणि लंचपर्यंत सगळे विसरूनही जातात. आता हाच हिशोब चार माणसांच्या दुकानात लावा. एक जण आला नाही म्हणजे थेट पंचवीस टक्के स्टाफ गायब! मग कॅशवरच्या ताई काउंटरवर, मालक कॅशवर आणि आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळत.

माझी एक मैत्रीण हे गणित रोज सोडवते. दादरला तिच्या वडिलांचं साड्यांचं छोटं दुकान आहे. त्याआधी ती सहा वर्षं एका आयटी कंपनीत चक्क एचआरमध्ये होती. अप्रेझल, अ‍ॅट्रिशन, एंगेजमेंट... सगळे शब्द तोंडपाठ. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मॅडम लॅपटॉप सोडून गल्ल्यावर बसल्या. स्टाफ किती? चार. तीस वर्षं जुने सेल्समन काका, काउंटरवर विशीतली एक मुलगी, कॅशवर वसईच्या ताई आणि माळ्यावरचा माल वर-खाली करणारा एक मुलगा. ‘तिकडे तीनशे जणांचं टेन्शन यायचं नाही, एवढं या चौघांचं येतं,’ असं ती म्हणते. कारण तिकडे पॉलिसी होती. इथे फक्त ‘बघू, जमवून घेऊ’.

गणपती आले, स्टाफ चालला

काका आणि तो मुलगा, दोघंही कोकणातले. आता कोकणातल्या माणसाला गणपतीत सुट्टी नाही म्हणून बघा! तो नोकरी सोडेल, पण गाव नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत दुकानात गौरीच्या साड्यांची गर्दी. बाबांच्या वेळी दरवर्षी ऐनवेळी भांडण, मग रुसवा, मग एक जण जाणार आणि एक जण तोंड पाडून थांबणार.

मैत्रिणीने रजेचं कॅलेंडर सरळ रेल्वेला बांधून टाकलं. रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणून बुकिंग उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनी चहाच्या वेळी तारखा सांगायच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या आणि मगच तिकीट काढायचं. काका आणि मुलगा एक वर्षाआड पूर्ण गणपतीला, दुसऱ्याने दीड दिवसाचा करून परतायचं. वसईच्या ताईंना नाताळ पक्का. भांडणं संपली का? छे! पण ती आता दोन महिने आधी होतात. तेवढीच सोय.

‘तू तर घरचाच!’

छोट्या दुकानातलं सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवं वाक्य हेच. घरचा आहेस म्हणून मुलीच्या लग्नाला उचल मिळते, आईच्या ऑपरेशनला मालक स्वतः हॉस्पिटलात येतो. आणि घरचा आहेस म्हणूनच दिवाळीत रात्री साडेदहापर्यंत थांबलास, तर त्याचे पैसे कसले मागतोस?

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. १९४८ चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ मध्ये दुकानांसाठी नवा कायदा आला. त्याने दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना कामाचे तास, रजा, ओव्हरटाइम या नियमांमधून बाहेर ठेवलं. त्यांनी व्यवसायाची माहिती कळवली की झालं. किमान वेतन छोट्या दुकानालाही चुकत नाही. पण १९६५ च्या कायद्यातला ८.३३ टक्क्यांचा किमान बोनस सर्वसाधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठीच होता. म्हणजे चार माणसांच्या दुकानात तास, सुट्टी, दिवाळी हे सगळं मालकाच्या मनावर. मन चांगलं असलं तर ठीक. मूड खराब असला तर?

मैत्रिणीने गल्ल्याजवळ एक वही ठेवली. उचल घेतली की लिहायचं, सही करायची, पगारातून हप्त्याने वळती. काकांनी घराच्या पत्र्यांसाठी पैसे मागितले, तेव्हा तिने वही पुढे केली. काकांचा चेहरा पडला. ‘तुझ्या बाबांनी तीस वर्षांत माझी सही घेतली नाही,’ एवढंच बोलले आणि साड्यांच्या घड्या घालायला लागले. पैसेही घेतले नाहीत. दोन दिवस दुकानात फक्त गिऱ्हाइकांचा आवाज.

तिसऱ्या दिवशी तिने वहीत उजवीकडे आणखी एक रकाना आखला. त्यात दुकान काकांचं किती देणं लागतं ते लिहिलं. गेल्या दिवाळीत वेळेनंतर थांबलेले तास, सुट्टीच्या दिवशी उघडलेलं शटर, सगळं. खाली स्वतःची सही. बेरीज केली तर निम्मी उचल तिथेच फिटत होती. काकांनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि डावीकडे सही केली. ‘सही मागितली म्हणून नाही वाईट वाटलं गं,’ ते नंतर म्हणाले, ‘एकट्याचीच मागितलीस म्हणून वाटलं.’

बॉस, असलं फीडबॅक सेशन कुठल्या कंपनीत बघितलंय?

दोन हजार आणि चार चेहरे

एका शनिवारी गल्ल्यात दोन हजार कमी आले. तीनशे माणसांत संशय पसरतो, विरळ होतो. चार माणसांत तो जाणार कुठे? ताई रडवेल्या, मुलगा आधीच खिसे उलटे करून उभा. मैत्रिणीने कुणालाच काही विचारलं नाही. ‘उद्या सकाळी सगळे मिळून मोजू,’ म्हणाली आणि शटर ओढलं. सकाळी सापडलं : गिऱ्हाइकाने पैसे मोबाइलवरून दिले होते आणि बिलावर ‘रोख’ लिहिलं गेलं होतं. तेव्हापासून रात्रीचा हिशोब दोघांनी मिळून करायचा, पाळीपाळीने. चोर पकडायला नव्हे, एकट्यावर आळ येऊ नये म्हणून.

बसा की राव!

जुन्या साड्यांच्या दुकानात गादी असायची. गिऱ्हाईक बसायचं, सेल्समनही बसायचा. दुकान ‘मॉडर्न’ झालं, काचेचे काउंटर आले आणि स्टाफ दहा दहा तास उभा राहिला. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी भांडून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. मैत्रिणीने कायद्याची वाट न बघता चार स्टुलं आणली. ‘दुकान मंदावलंय असं वाटतं लोकांना,’ बाबा कुरकुरले. त्यांना तिने त्यांच्याच गुडघ्यांचे एक्स-रे दाखवले. विषय संपला!

सगळंच छान झालं असं नाही. काउंटरवरच्या मुलीला मॉलमधल्या ब्रँडची ऑफर आली. एसी, युनिफॉर्म आणि पगार तीन हजारांनी जास्त. तेवढं देणं दुकानाला झेपणारं नव्हतं. मैत्रिणीने मन घट्ट करून तिला अनुभवाचं पत्र दिलं, दुकानाच्या लेटरहेडवरचं पहिलंच. दोन महिन्यांनी त्या मुलीने आपल्या मावसबहिणीला कामासाठी पाठवलं. ‘तिकडे पगार आहे, पण वही नाही,’ असं म्हणाली म्हणे.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा बॉस प्रेमाने म्हणाला, की अरे, आपली कंपनी म्हणजे एक फॅमिली आहे, तर गोड हसा आणि हळूच विचारा : सर, वहीत उजवा रकाना आहे का?