विश्लेषण : वसईचा माणूस ब्राझीलमध्ये ‘आपल्या रंगाचा संत’ कसा झाला?

ब्राझील म्हटले की फुटबॉल, कार्निव्हल आणि सांबा आठवतो. वसई म्हटले की किल्ला, केळी आणि चिमाजी अप्पा. या दोन टोकांना जोडणारे एक नाव मात्र वसईकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे : संत गोन्सालो गार्सिया. त्यांच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे आणि वसई धर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत. पण अठराव्या शतकात ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी याच नावाभोवती आपल्या सन्मानाची लढाई उभी केली, हे वसईत फारसे कुणी सांगत नाही. ते सांगायला हवे, कारण त्यातून संस्कृती एका देशातून दुसऱ्या देशात कशी जाते आणि तिला कोण नेते, हे कळते.

गोन्सालो गार्सिया कोण होते?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. तिथे १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली, कोकणातली. किल्ल्यातील जेझुइटांकडे त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते जपानला गेले. तिथे जपानी भाषा शिकले, काही काळ व्यापार केला आणि नंतर मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ मध्ये ते दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यात ते होते. रोमने त्यांना १६२७ मध्ये ‘धन्य’ आणि १८६२ मध्ये ‘संत’ घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत मानले जातात.

ब्राझीलमध्ये त्यांचे नाव का गाजले?

पोर्तुगीज साम्राज्यातील जहाजे लिस्बन, गोवा, मोझांबिक आणि ब्राझील यांच्यात फिरत. त्यांतून काजू आणि अननस इकडे आले. ही दोन्ही नावे मुळात ब्राझीलच्या तुपी भाषेतली. आपला आंबा आणि फणस तिकडे गेला. पण याच जहाजांवर दुसरा मालही होता. भारतीय सुती कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसे विकत घेतली जात. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. गुलामगिरी तिथे १८८८ मध्ये संपली.

या समाजात रंगाची उतरंड होती. वर गोरे, तळाला गुलाम, आणि मधे ‘पार्दो’ म्हणजे मिश्र रक्ताचे लोक. त्यांतले अनेक स्वतंत्र होते. कुणी कारागीर, कुणी सैनिक, कुणी वादक. पण ‘रक्ताच्या शुद्धते’चे नियम आडवे येत. अनेक सरकारी पदे, धर्मसंघ, प्रतिष्ठेच्या मंडळ्या यांची दारे त्यांना बंद होती. मिश्र रक्त म्हणजे डाग, अशी समजूत पक्की होती.

अशा वेळी रेसिफे शहरातील पार्दो मंडळींना गोन्सालो गार्सिया सापडले. वडील पोर्तुगीज, आई काळ्यासावळ्या वर्णाची भारतीय आणि मुलगा धर्मासाठी प्राण देणारा. १७४५ मध्ये त्यांनी गोन्सालोंचा मोठा उत्सव केला. मूर्तीची मिरवणूक निघाली, सजवलेले रथ होते, नृत्ये, संगीत, नाटके, काव्यवाचन असे सारे काही होते. जाबोआतांव या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने त्या वेळी प्रवचन दिले. गोन्सालो हे खरोखरच पार्दो होते आणि पार्दो असणे हा डाग नव्हे, असे त्यात बाजू मांडून सांगितले होते. हे प्रवचन १७५१ मध्ये लिस्बनमध्ये छापले गेले. त्याच्या शीर्षकातच गोन्सालोंचा उल्लेख ‘त्यांच्या रंगाचा संत’ असा आहे.

इथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांची सत्ता इथून उठली. त्यानंतर सहाच वर्षांनी रेसिफेच्या रस्त्यांवर वसईच्या माणसाची मिरवणूक निघाली. साम्राज्याने वसई गमावली होती. पण साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला दबलेल्या लोकांनी वसईचा माणूस आपलासा केला होता. तोही रोमने ‘संत’ म्हणण्याच्या ११७ वर्षे आधी.

संगीताशी याचा संबंध काय?

वसईची चाल रेसिफेला गेली, असा हा संबंध नाही. तो नावाचा आहे, आणि त्या नावाभोवती उभ्या राहिलेल्या मंडळ्यांचा आहे. ब्राझीलमध्ये अशा मंडळीला ‘इर्मांदाद’ म्हणत. आपल्याकडच्या उत्सव मंडळासारखीच ती वर्गणी काढी, सभासदांच्या मयतीचा खर्च उचली, सण साजरा करी. गोऱ्यांची, पार्दोंची, काळ्यांची मंडळी वेगवेगळी. गोन्सालो गार्सिया यांच्या नावाच्या पार्दो मंडळ्या आणि चर्च रेसिफेपुरते राहिले नाहीत. आलागोआस राज्यातील पेनेदो, मिनास जेराइसमधील सांव जुआंव देल-रेय आणि रिओ द जानेरो येथेही ते उभे राहिले.

सणाला संगीत लागे आणि संगीताला वादक लागत. पार्दो तरुणाला ज्या थोड्या व्यवसायांत मान मिळू शकत होता, त्यांत संगीत होते. म्हणूनच अठराव्या शतकातील ब्राझीलचे बरेच नामवंत संगीतकार मिश्र वंशाचे आहेत. रेसिफेचे लुईस आल्व्हारेस पिंटो आणि मिनास जेराइसचे लोबो द मेस्किता ही त्यांतली मोठी नावे. रिओचे जुझे मौरिसिओ नुनेस गार्सिया (आडनाव सारखे, नाते नाही) हे तर गुलाम आज्यांचे नातू. १८०८ मध्ये पोर्तुगालचा राजदरबार रिओला आला, तेव्हा राजघराण्याच्या प्रार्थनामंदिराचे संगीतप्रमुखपद त्यांच्याकडे आले.

सांव जुआंव देल-रेय गावात १७७६ मध्ये सुरू झालेला वाद्यवृंद आजही चर्चच्या सणांना वाजवतो. गावात दुसराही जुना वाद्यवृंद आहे. पहिल्यात मिश्र वंशाचे वादक असत, म्हणून लोक त्याला ‘गूळ’ म्हणत. दुसरा गोऱ्यांचा, म्हणून त्याचे नाव ‘दही’. या टोपणनावांत थट्टा आहे आणि रंगाची उतरंडही आहे.

काळ्या गुलामांच्या मंडळ्या वेगळ्या होत्या. रेसिफेत त्या ‘काँगोचा राजा’ निवडून त्याला मुकुट घालत आणि ढोल वाजवत मिरवणूक काढत. आज जगभर ऐकला जाणारा ‘माराकातू’ हा प्रकार याच परंपरेतून आला. ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते, ते वर्षातून एकदा आपला राजा मिरवत होते.

रिओत आज काय दिसते?

रिओमधील चर्च सांव गोन्सालो गार्सिया आणि सांव जॉर्ज अशा दोन संतांच्या नावे आहे. २३ एप्रिलला सांव जॉर्जचा सण असतो. त्या दिवशी राज्यात सुट्टी असते आणि पहाटेपासून या चर्चपुढे गर्दी उसळते. त्या गर्दीत कॅथलिक असतात, तसेच उंबांदा आणि कांदोम्ब्ले या आफ्रिकी परंपरेतून आलेल्या पंथांचे लोकही असतात. त्यांच्या दृष्टीने सांव जॉर्ज म्हणजे लोखंडाचा आणि लढाईचा देव ओगुम. सांबा कलावंतांचा हा लाडका देव आहे. ‘इम्पेरिओ सेर्रानो’ या नामांकित सांबा मंडळाचे आश्रयदाते सांव जॉर्जच आहेत. चर्चच्या नावातले वसईचे गोन्सालो या गर्दीत मागे पडले आहेत, पण ते तिथे आहेत.

एक गल्लत टाळायला हवी. रिओजवळ सांव गोन्सालो नावाचे मोठे शहर आहे. ते वसईच्या नव्हे, पोर्तुगालमधील आमारांत येथील गोन्सालो या संताच्या नावाने ओळखले जाते.

स्थानिक राहूनही जगाशी जोडता येते का?

याचे उत्तर पुन्हा रेसिफेतच मिळते. रेसिफे खाडी, चिखल आणि तिवरांच्या जंगलावर वसले आहे. वसईकराला हे वर्णन नवे नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या तरुण कलावंतांनी ‘मांगेबीट’ ही चळवळ सुरू केली. ‘मांगे’ म्हणजे तिवर. शिको सायन्स आणि त्यांच्या ‘नासांव झुंबी’ या बँडने माराकातूचे ढोल, रॉक आणि हिप-हॉप एकत्र आणले. त्यांचा १९९४ मधील पहिला अल्बम आजही ब्राझिलियन संगीतातील मैलाचा दगड मानला जातो. चळवळीचे चिन्ह होते चिखलात रोवलेली डिश अँटेना. पाय गावच्या चिखलात आणि कान जगाकडे.

आफ्रिकेतून निघालेल्या सुरांचे नातेवाईक वसईपासूनही फार दूर नाहीत. विरारहून उत्तरेला जाणारी रेल्वे भरूचला पोहोचते. त्या जिल्ह्यातील रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा आहे आणि तिथले सिद्दी ‘मलुंगा’ वाजवतात. धनुष्याला ताणलेली तार आणि आवाज घुमावा म्हणून लावलेला भोपळा, असे हे वाद्य. ब्राझीलमध्ये कापोएरा या युद्धनृत्यात वाजणारे ‘बेरिम्बाव’ असेच असते. एकाचे मूळ मुख्यतः पूर्व आफ्रिकेशी, दुसऱ्याचे अंगोलाच्या बाजूशी. ही दोन वाद्ये एकमेकांची चुलत भावंडे म्हणता येतील. कापोएराला युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मलुंगा वाजवणारे हात मात्र मोजके उरले आहेत.

वसईने यातून काय घ्यावे?

संस्कृतीच्या प्रवासाची गोष्ट बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांच्या नावाने सांगितली जाते. पोर्तुगीजांनी अमुक आणले, पोर्तुगीजांनी तमुक दिले. गोन्सालोंच्या उदाहरणात जहाजे पोर्तुगीजांची होती आणि धर्मही त्यांचाच. पण वसईच्या एका मिश्रवंशीय माणसात आपला चेहरा पाहण्याचे काम रेसिफेच्या कारागिरांनी आणि वादकांनी केले. ते कुणी त्यांना शिकवले नव्हते. नाशिकची नारोशंकराची घंटा मुळात वसईची असे सांगतात. ती आता देवळात वाजते. वस्तू असो वा नाव, ते ज्याच्या हाती जाते त्याच्या गरजेने वाजते.

या कहाणीला काळी बाजूही आहे. पार्दोंनी स्वतःचा मान मिळवताना, आपण काळ्या गुलामांहून वरचे आहोत, हेही अनेकदा सुचवले. उतरंडीच्या मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याशी भांडतो आणि खालच्याला पाय लावतो. जातीच्या समाजात वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि इथेच ही गोष्ट आजच्या वसई-विरारला भिडते. नालासोपारा परिसरात गेली काही वर्षे नायजेरिया व अन्य आफ्रिकी देशांचे नागरिक भाड्याने राहत आहेत. बातम्यांत ते बहुधा अमली पदार्थ किंवा व्हिसाच्या कारवाईमुळेच येतात. गुन्हा करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांकडे संशयाने पाहणे, कातडीचा रंग बघून घर नाकारणे, लोकलमध्ये शेजारची जागा रिकामी ठेवणे, याला कायद्याचा आधार नाही. ज्या गावच्या माणसाला आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ‘आपल्या रंगाचा’ म्हणून डोक्यावर घेतले, त्या गावाला तर हे अजिबात शोभत नाही.

वसईकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. लग्नातले बँड आहेत, कादोडी बोलीतली गाणी आता मोबाइलवर ऐकली जातात, कोळीवाड्यांची आणि वाडवळांची आपापली गीते आहेत. हा वारसा जपताना तो फक्त ‘आमचा’ म्हणून कुंपणात ठेवला, तर तो वार्षिक महोत्सवाच्या मंचापुरता राहील. रेसिफेच्या तरुणांनी ढोल जपला तो कुंपण काढून.

सुरुवात लहान गोष्टींपासून करता येईल. किल्ल्यातील जेझुइट चर्चच्या अवशेषांपाशी रेसिफे, पेनेदो आणि रिओ यांची नावे सांगणारा एक मराठी फलक लावता येईल. १७५१ मध्ये छापलेले ते प्रवचन मराठीत आणता येईल. इथल्या बँडवाल्यांची आणि सांव जुआंव देल-रेयच्या ‘गूळ’ वाद्यवृंदाची निदान व्हिडीओ कॉलवर गाठ घालून देता येईल. फेब्रुवारीत गोन्सालोंचा सण साजरा होताना नागासाकीच्या क्रुसाबरोबर रेसिफेच्या मिरवणुकीचीही गोष्ट सांगता येईल. आणि ती ऐकायला नालासोपाऱ्यातल्या आफ्रिकी शेजाऱ्यालाही बोलावता येईल.