यास्नी माय कोठे शे?

मुलांनो, एखाद्या पाखराचा जीव वाचवला असे कोणी सांगू लागले, की आपण कौतुकाने त्याची पाठ थोपटतो. मीही थोपटतो, परंतु त्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न माझा नव्हे. १९७० साली धुळ्याजवळच्या नकाणे तलावाच्या काठी एका वृद्ध भोयाने तो मला विचारला होता.

मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. भाद्रपदातील एका दुपारी आम्ही तिघे मित्र तलावाकाठच्या गवतातून हिंडत असता हळदी-कुंकू बदकाची पाच पिल्ले आमच्या पायांपुढून पळाली. या बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा आणि मुळाशी कुंकवासारखा लाल रंग असतो. नाव ठेवणाराची दृष्टी किती रसिक होती पाहा! जवळच एक मोठे बदक, पंख मोडल्यासारखे, पाण्यावर फडफडत दूर दूर चालले होते. त्याची आम्हांला मोठी मौज वाटली. पिल्ले मात्र पोरकी दिसली. त्यांना कुत्र्याने खाल्ले तर? या कळवळ्याने आम्ही ती टोपीत भरली. वाटेत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या भोईबाबांनी टोपीत डोकावून अहिराणीत विचारले, “पोरे हो, यास्नी माय कोठे शे?”

यांची आई कोठे आहे? आम्ही हसलो आणि घरी निघालो. पंख मोडल्याचे सोंग करून, स्वतःकडे लक्ष वेधून, आम्हांला पिल्लांपासून दूर नेऊ पाहणारे ते बदकच त्यांची आई होते, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकातून कळले. ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

घरी आमच्या दयेला भरती आली. दुधात भिजवलेला पाव आम्ही पिल्लांपुढे ठेवला. पाखरांना दूध पचत नाही आणि पावाने वाढत्या पिल्लाचे पोषण होत नाही, हे आम्हांला कोठून ठाऊक असणार? बदक म्हटले की पाणी, म्हणून घंगाळ काठोकाठ भरून त्यांना त्यात सोडले. रानातली पिल्ले पोहतात हे खरे. पण मधूनमधून ती आईच्या पंखांखाली शिरून ऊब घेतात. आमच्या घंगाळाला पंख नव्हते. सकाळी दोन पिल्ले ताठ होऊन पडलेली आढळली. मग आजीने कारभार हाती घेतला. उरलेली तीन पाटीत ठेवून पाटी चुलीपासून हातभर अंतरावर सरकवली, परातीत बोटभरच पाणी ओतले आणि आम्हांला वाळवी व गांडुळे शोधावयास पिटाळले. तरीही आठवड्याभरात आणखी दोन गेली. एक तेवढे जगले.

जगले, आणि माझे झाले. मी अंगणात गेलो की ते अंगणात. मी शाळेला निघालो की ते वेशीपर्यंत. या सोबतीचा मला केवढा अभिमान वाटे! कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने या वर्तनाचा अभ्यास केला होता. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू जो हलता जीव पाहते, त्यालाच आई मानून त्याच्यामागे चालू लागते. हे महाशय गवतात ओणवे होऊन बदकिणीसारखा आवाज काढीत फिरत, आणि पिल्ले त्यांच्यामागे रांगेने जात! १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी त्यांना अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मी मात्र ते पाहून आनंदलो, याहून अधिक काही शिकलो नाही. दिवाळीनंतर पंख भरल्यावर आम्ही त्या बदकाला तलावावर सोडले. ते माघारी माझ्यामागे आले. पुन्हा सोडले, पुन्हा आले. माणसाचे भय त्याने कधी जाणले नव्हते आणि माणसाच्या दाराशी बसणाऱ्या कुत्र्याचेही नव्हते. तिसऱ्या दिवशी वाटेवर मला त्याची पिसे सापडली.

म्हणून माझे मत असे आहे, की रानातले पिल्लू घरी आणणे ही पुष्कळदा दया नसून हौस असते. पाळीव बदकांची गोष्ट वेगळी. ती पिढ्यान्पिढ्या माणसाच्या आधाराने राहत आली आहेत. रानपाखरू घरी बाळगण्यास तर आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीही आडकाठी आहे. मग खरोखरच आई मेली असेल, पिल्लू विहिरीत पडले असेल, तर काय करावे? तेव्हा अवश्य उचलावे. कोरड्या खोक्यात, उबेत, अंधारात ठेवावे, उथळ ताटलीत पाणी द्यावे, आणि हातांत खेळवत न बसता घरातील मोठ्यांकरवी त्याच दिवशी वनविभागाला कळवावे.

निवृत्तीनंतर मी जळगावला राहू लागलो. एकदा पावसाळ्यात शेजारची सहावीतली मुलगी ओढणीत चार पिल्ले घेऊन धावत आली. “आजोबा, मी यांना वाचवलं!” मेहरूण तलावाच्या काठावरून ती नुकतीच आली होती. मी चपला घातल्या. जिथून उचलली तिथेच पिल्ले गवतात ठेवून आम्ही दोघे लांब एका बाभळीआड बसलो. अर्धा तास काहीच घडले नाही. मुलीला मुंग्या चावल्या, पण ती हलली नाही. मग पाणगवतातून एक दबका आवाज आला. चारही पिल्ले एकदम माना उंचावून धावली आणि दिसेनाशी झाली.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “ती तिथंच होती.”