बारा बदलला, सात तसाच

सातबाऱ्यातला सात नंबरचा नमुना सांगतो जमीन कुणाची, बारा नंबरचा सांगतो तिच्यात काय पिकलं. जालना जिल्ह्यात काम करताना मी चार एकरांच्या एकाच रानाचे जुने-नवे उतारे ओळीनं लावून पाहिले. बारा पार बदलून गेलाय. सात मात्र आजा, बाप, मुलगे या वळणानंच चालत आलाय.

म्हाताऱ्या बाया सांगतात, पूर्वी इथं बाजरी, तूर, मूग, रब्बीला ज्वारी-करडई असायची. तीळ, अंबाडी, कारळ कडेच्या ओळींना. बी निवडून, राखेत घोळून उतरंडीत ठेवणं बाईकडे. 1964 नंतर हायब्रीड ज्वारी आली. धान्य वाढलं, पण ताट बुटकं, कडबा कमी. बी दुकानातून येऊ लागलं आणि दुकानात घरधनी जातो. काय पेरायचं हे ठरवण्यातून बाई तिथंच बाहेर पडली. 2002 नंतर बीटी कापूस पसरला. वेचणी बाईच्या कमरेवर, पट्टी घरधन्याच्या खिशात. मग सगळीकडे सोयाबीन. त्याचा कडबा होत नाही. गुरं गेली, दुधाचे बाईच्या हातात येणारे चार पैसे गेले. तणनाशकानं खुरपणीचा रोज खाल्ला. खुरपणीचे गोडवे मला गायचे नाहीत, त्या कामानं बायांची कंबर मोडते. पण बुडालेल्या रोजाची भरपाई कोणत्या प्रगतिशील शेतकऱ्यानं दिली? 2021 पासून पीकपाहणी मोबाईलवर आली. बाई रानात, मोबाईल नवऱ्याकडे!

मग यातलं अर्धं रान समृद्धी महामार्गात गेलं. 2017 साली खरेदी सुरू झाली आणि इतकी वर्षं न आठवलेल्या बहिणी एकाएकी आठवल्या. सरकारला पुढं तंटा नको होता, भावांना वाटेकरी नको होते. माहेरची जीप दारात आली, साडीचोळी झाली, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही झाली. रक्कम किती, हे बहिणींना कुणी सांगितलं नाही. जी सही करत नाही तिला दिवाळीचं बोलावणं येत नाही, हे प्रत्येकीला न सांगता कळतं. यालाच कागदावर ‘स्वखुशीनं’ म्हणतात.

कायदा नाही असं नाही. 1994 साली महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, मात्र आधीच लग्न झालेल्या वगळल्या. 2005 साली ती अट देशाच्या कायद्यात राहिली नाही. 2005 ला बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. 1990 साली शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बाया सुमारे 14 टक्के.

आपल्याला ऐकवतात, तुकडे पडतील. चार भावांत वाटणी होते तेव्हा रान अखंड राहतं वाटतं? तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, तो काही बहिणींना अडवायला केलेला नाही. दुसरं, तिच्या लग्नात हुंडा दिला. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम वाट्यातून वजा करणार? आणि तिसरं आपल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात: शेती तोट्याची, तिचा वाटा मागून काय मिळणार? तोट्याची आहे तर सही घ्यायला जीप का धावते? शिवाय तोटा सोसायची बाईला सवय आहेच, पण नावावर जमीन नाही म्हणून पीककर्जही नाही, हा दुहेरी तोटा का?

आपल्या मागण्या साध्या आहेत. हक्कसोडपत्र नोंदण्याआधी बहिणीला एकटीला बसवून तिच्या वाट्याची किंमत सांगावी. वारसनोंदीत मुलींची नावं न विचारता लागावीत. आणि प्रत्येक गटानं आपल्या गावातले गेल्या दहा वर्षांतले फेरफार काढून मोजावं, किती बहिणींची नावं कमी झाली आणि किती मोबदल्यावर. फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना सहा. तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, लेखी अर्ज करा. दोघी-तिघी मिळून जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.